होल्डवरचा पेढा

२०१६ साली मी चोपन्न वर्षांचा होतो आणि तोवर माझा पेढा कुणी नाकारला नव्हता. नाकारला असंही म्हणता येत नाही. तुळशीराम अण्णांनी तो घेतला, नाकाशी नेला, अंगठ्यानं दाबून बघितला, तेलकट कागदात गुंडाळला आणि आपल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. वर एक पिवळी चिठ्ठी लावली. आमच्या कंपनीत पिवळी चिठ्ठी म्हणजे होल्ड. माल पास नाही आणि रिजेक्टही नाही. निकाल लागायचाय, तोवर कुणी हात लावायचा नाही.

ज्यांनी अण्णांना बघितलं नाही त्यांना वाटेल, एका पेढ्याचं काय घेऊन बसला. म्हणून आधी अण्णा सांगतो, पेढा मागनं.

अण्णा उदगीरकडचे. पंचवीस वर्षं काळेवाडीत दोन खोल्यांत राहिले, पण बोली तिकडचीच. चाकणला आमच्या प्रेस शॉपमध्ये ते फायनल इन्स्पेक्शनला होते. आम्ही प्रेसवर पत्रा दाबायचो, भोकं पाडायचो, आणि आम्ही केलेला प्रत्येक जॉब त्यांच्या हाताखालून जायचा. त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशात गेज असायचा. गेज म्हणजे पोलादाची बोटभर कांडी. तिचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. एवढंच. साहेब आला, मालक आला, गिऱ्हाईक कंपनीचा माणूस आला, कांडी तीच. "बसलं," म्हणायचे, नाहीतर "बसंना". तिसरा शब्द मी त्यांच्या तोंडून क्वचित ऐकला.

उजव्या खिशात गोळ्या असायच्या. लिमलेटच्या, संत्र्याच्या फोडीसारख्या, साखर लावलेल्या. सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये ते काळेवाडीला चढायचे, मी मोशीला. माझी जागा ते टोपी ठेवून धरायचे. मी टेकलो की टोपी उचलायची आणि हातावर एक गोळी ठेवायची. हा नेम.

गोळीची लायकी ते थांब्यांवर मोजायचे. मोशीला तोंडात टाकलेली गोळी कुठवर जाते त्यावर तिची किंमत. लिमलेटची चिंबळी फाट्यापर्यंत. जिऱ्याची बारकी असून कुरुळीपर्यंत, म्हणून तिला मान. श्रीखंडाची गोळी त्यांना पटायची नाही. "मोशीच्या हद्दीतच मरती," म्हणायचे. चिंचेची गोळी म्हणजे "गोळी न्हाई ती, भांडण हाय". टॉफीबद्दल म्हणायचे, "दाताला धरून बसती. सोडंना गेली की ती गोडी न्हाई, उसनवारी झाली." आता चाकण रोडचं ट्राफिक सगळ्यांना माहीत आहे. मी विचारलं, "अण्णा, गाडी अर्धा तास उभी राह्यली तर सगळ्याच गोळ्या कुरुळीच्या आत मरणार. मग?" तर त्याचाही त्यांनी हिशेब करून ठेवला होता. गाडी उभी असताना गोळी गालात सरकवायची, चोखायची नाही. गाडी हलली की परत जिभेवर.

आणि चावायची नाही. हा मोठा नियम. मी चावायचो. मला गोळी चघळत बसायला जमलंच नाही कधी, दोन मिनिटांत दाढेखाली जायची आणि कडकन आवाज यायचा. अण्णा खिडकीतून बाहेर बघत असायचे, तसंच म्हणायचे, "मोडलाव का?"

"मोडली. पोटात जाऊन गोडच होणार ना?"

"पोटाला काय जीभ हाय का ज्ञानबा? रोज एक गोळी फुकट घालवायलाव."

पण खरी मजा पेढ्याची होती. कंपनी म्हणजे पेढ्यांचं गाव. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला पोरगं झालं, कुणी गाडी घेतली, पेढा आलाच. आम्ही घ्यायचो, तोंडात टाकायचो, हात पँटला पुसायचो, संपलं. अण्णा पेढा हातात धरायचे आणि विचारायचे, "कशाचा?" बातमी पुरती ऐकायचे. बातमी बसली तर एक कोपरा दातानं कुरतडायचे, मान हलवायचे आणि मग उरलेला खायचे. नाही बसली तर "आसू दे" म्हणून परत डब्यात. त्यांचं म्हणणं, पेढा खाणं म्हणजे सही करणं. खाल्ला की त्या गोष्टीला आपण हो म्हटलं. एका सुपरवायझरला चुगल्या करून बढती मिळाली होती. त्यानं सगळ्या शॉपला मलई पेढे वाटले. अण्णांनी पेढा उलटा करून खालची बाजू बघितली आणि डब्यात ठेवला. तो माणूस आठ दिवस त्यांच्या टेबलासमोरून गेला नाही, मागच्या दारानं जायचा.

साखरपुड्याच्या पेढ्याचा ते अर्धा भाग खायचे. अर्धा लग्नाला. "काम अर्धंच झालंय," म्हणायचे. आणि लग्न झालं की आठवणीनं जाऊन मागायचे, "माझा अर्धा राह्यलाय." आमच्या पेंट शॉपच्या एका पोराचं लग्न तीन वर्षं लांबलं. तीन वर्षं अण्णा त्याला दिसले की नुसतं बोटानं अर्धं दाखवायचे. पोरगा सांगायचा, घरच्यांपेक्षा अण्णांचाच धाक जास्त, राव.

एकदा साहेब परदेशातून आले आणि सगळ्यांना चॉकलेट दिलं, सोनेरी कागदातलं. अण्णांनी ते रीतसर उजव्या खिशात गोळ्यांबरोबर ठेवलं. प्रेस शॉपमध्ये एप्रिल महिन्यात काय उकाडा असतो ते आत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. जेवणाच्या सुट्टीत खिशात हात घातला तर सगळं लगदा. गोळ्यांनाही लागलं. अण्णांनी नळाखाली एकेक गोळी धुऊन घेतली. साहेबांनी विचारलं, "कसं होतं चॉकलेट?" अण्णा म्हणाले, "चांगलं आसंल साहेब. आमच्या टेम्परेचरला पास न्हाई."

बालाजीची गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे, कारण पुढं सगळं त्याच्यावर आलं. बालाजी वेल्डिंगला होता, कंत्राटी, तिशी ओलांडलेला, यवतमाळकडचा. सहा वर्षं काम करत होता आणि पर्मनंटच्या यादीत त्याचा नंबर वर वर सरकत होता. त्याला दुसरी मुलगी झाली तेव्हा त्यानं कुणाला सांगितलंच नाही. आपल्याकडं मुलाला पेढे आणि मुलीला बर्फी अशी रीत. पहिल्या मुलीला त्यानं बर्फी वाटली होती, तेव्हाच अण्णांनी विचारलं होतं, "ड्रॉइंग एकच हाय, मग मटेरियल का बदललाव?" दुसऱ्या वेळेला तो गप्पच राहिला. अण्णांना चार दिवसांनी कळलं. दुसऱ्या दिवशी ते बसमधून उतरले तेच हातात किलोचा डबा घेऊन. शॉपभर फिरून स्वतः पेढे वाटले. कुणी विचारलं, "अण्णा, कशाचे?" की म्हणायचे, "बालाजीला पोरगी झाली. त्येचे हात तेलकट हायेत म्हणून मी वाटायलोय." बालाजी वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढून उभा होता. बराच वेळ त्यानं तो वर केला नाही.

आता माझा पेढा.

माझा मुलगा दीपक आमच्याच कंपनीत कंत्राटी लागला होता, दीड वर्ष झालं होतं. एक जागा पर्मनंट होणार असं कळलं. मी मोशीचा. आमचं घराणं गावातलं जुनं. या पट्ट्यात कंपनी कुणाचीही असो, गेटवर आमच्या माणसांना ओळख असते. मी साहेबांकडं गेलो, गावातल्या दोन वजनदार माणसांना बरोबर नेलं, चहा झाला, आणि दीपक पर्मनंट झाला. यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. बापानं पोरासाठी जायचं नाही तर कुणी जायचं? मी मोठ्या थाटात पेढे वाटले. अण्णांसमोर डबा धरला.

"कशाचा?"

"दीपक पर्मनंट झाला."

मग ते झालं जे वर सांगितलं. नाक, अंगठा, तेलकट कागद, पिवळी चिठ्ठी. "आसू दे," म्हणाले. "आत्ता बसंना."

मला वाटलं, पेढ्यातच खोट आहे. खरं सांगतो, तसंच वाटलं. माणूस गोडाचा इतका चोखंदळ, तर खवा हलका लागला असेल. मी काही हार मानणारा नाही. पुढच्या आठवड्यात आळंदीहून पेढे आणले. अण्णांनी वास घेतला. "दूध चांगलं हाय," म्हणाले आणि डबा पुढं सरकवला. मेव्हण्याला सांगून साताऱ्याहून कंदी पेढे मागवले. "भाजणी एक नंबर," म्हणाले, आणि डबा पुढं. दिवाळीला काजूकतली आणली, तर त्यांनी ती व्हर्नियरमध्ये धरून मोजली. "दोन मिलिमीटर. ही मिठाई न्हाई ज्ञानबा, पत्रा हाय. वरनं प्लेटिंग पण केलंय." लोणावळ्याची चिक्की झाली, घरच्या खव्याच्या पोळ्या झाल्या. अख्खी शॉप माझ्या जिवावर गोड खात होती. बालाजीसुद्धा. "काका, त्ये कंदी पेढे लय भारी होते, परत आणा ना," असं मला म्हणायचा, मनात काही न ठेवता. आणि मी, बघा, त्यालाच आग्रह करून वाढायचो.

घरी मंडळी म्हणाली, "त्या माणसाला साखरेचा आजार तर नाही?" म्हणून मी बसमध्ये विचारलं. अण्णांनी गोळी गालात सरकवली. बस तेव्हा उभी होती.

"ज्ञानबा, दुकान बदलून काय व्हतंय? जॉबमधी खोट घावंना गेली की ड्रॉइंग बघावं."

"सरळ बोला अण्णा."

"यादीत बालाजीचा नंबर कितवा व्हता?"

पहिला होता. ते मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. मी तापलो. म्हणालो, "ह्या कंपन्या आमच्या लोकांच्या रानावर उभ्या हायेत. बाहेरनं येणाऱ्यांनी आमाला नंबर शिकवायचे न्हाईत."

ते चिडले नाहीत. "व्हय, तुमच्याच रानावर हायेत," म्हणाले. "म्हणून तर तुमाला इचारलो. दुसऱ्याला इचारून काय उपेग?"

मी उठलो आणि मागच्या सीटवर जाऊन बसलो. दीड वर्ष मागच्याच सीटवर बसलो. कामाचं बोलायचो, बाकी नाही. अण्णा मोशी आली की सीटवरची टोपी उचलायचे, मी बाजूनं मागं निघून जायचो, ते टोपी परत ठेवायचे. जागा रिकामी जायची, पण धरलेली असायची. गोळीला मी हात लावला नाही. आपला स्वभाव असा आहे, त्याला इलाज नाही.

मला वाटलं, आता हा माणूस दीपकवर राग काढणार. इन्स्पेक्शन हातात आहे, रिजेक्ट मालावर फिरवायचा लाल रंगाचा ब्रश हातात आहे. पहिल्याच महिन्यात दीपकचे अकरा जॉब लाल झाले. मी मनात म्हटलं, बघा, निघालं ना. संध्याकाळी दीपकला विचारलं तर तो म्हणाला, "आप्पा, अकराच्या अकरा माझेच चुकले होते. अण्णा जेवणाची सुट्टी सोडून माझ्यासंगं प्रेसची डाय, म्हणजे साचा, नीट बसवत बसले. जाताना गोळी दिली." मग थोड्या वेळानं म्हणाला, "ते मला कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं." पोरगं असं म्हणालं आणि ताटावरून उठलं.

२०१८ ला दोन गोष्टी एकदम आल्या. अण्णांची रिटायरमेंट, आणि पर्मनंटची आणखी एक जागा. यादीत पहिला अजून बालाजीच. माझी बहीण घरी आली, तिचा मुलगा आमच्याकडंच कंत्राटी होता. "दादा, दीपकच्या वेळेला गेलास तसा साहेबाकडं जा." मी हो-नाही केलं नाही. सोमवारी जातो म्हणालो. सोमवारी गेलो नाही. बुधवारी साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो, पाणी पिऊन परत आलो. बहिणीला सांगितलं, पाय दुखत होते. ती म्हणाली, "तुझ्या पोराच्या वेळेला बरे धावले पाय." त्या वर्षी तिच्याकडून दिवाळीचा फराळ आला नाही. तिची करंजी म्हणजे माझा जीव की प्राण, हे तिला पक्कं माहीत होतं.

का गेलो नाही, ते मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी पायच सांगितले असते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी अण्णांचा निरोप. शाल, नारळ, साहेबांचं भाषण. आणि दुपारी तीनला नोटीस बोर्डावर कागद लागला. बालाजीचं नाव. बालाजी धावत जाऊन पेढे घेऊन आला आणि पहिला अण्णांना दिला. अण्णांनी "कशाचा?" विचारलं, माहीत असून. बालाजीनं नुसतं नोटीस बोर्डाकडं बोट दाखवलं. अण्णांनी कोपरा कुरतडला, मान हलवली, खाल्ला. मग आणखी एक मागून घेतला. दुसरा पेढा मागताना मी त्यांना तेव्हाच बघितलं.

चार वाजता ते टेबल रिकामं करत होते. गेज जमा केले, पुस्तकं जमा केली. मी माझ्या प्रेसवर त्यांच्याकडं पाठ करून उभा होतो. मागून आवाज आला. "ज्ञानबा."

त्यांच्या हातात ती तेलकट पुडी होती. पिवळ्या चिठ्ठीचा रंग उडून ती पांढरी झाली होती. उघडली तर आत खारकेसारखं काहीतरी, आकसलेलं, काळपट. मशीनवर टाकलं असतं तर वाजलं असतं.

"होल्डचा माल मागं ठिवून जाता येत न्हाई," अण्णा म्हणाले. "नियम हाय. एक तर पास, न्हाई तर भंगार. ह्यो भंगार झाला." पुडी माझ्या हातावर ठेवली. "दुसरा करून आणलाव तर बघू. उद्या सकाळी नवाला गावाकडं टेम्पो हाय, सामानासकट."

पाचला बस सुटली. मी मागच्याच सीटवर होतो.

दुसऱ्या दिवशी मला दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी. सातला मोशीहून निघालो, काळेवाडीला आठ वाजता उतरलो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मिठाईचं दुकान नुकतंच उघडत होतं. म्हटलं, "एक पेढा द्या."

"पाव किलो करू का, काका?"

"एक."

"एक कसा देणार? निदान शंभर ग्रॅम तरी घ्या."

"सगळ्यांना वाटायचा न्हाई. एकाचाच हाय." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि कागदात एक पेढा बांधून दिला.

टेम्पोत कपाट चढलं होतं, शिलाई मशीन चढलं होतं, अण्णांची बायको, आमच्या काकू, गादीच्या वळकटीला दोरी आवळत होत्या. अण्णा पायरीवर उभे. मी पेढा पुढं केला.

"कशाचा?"

"बालाजी पर्मनंट झाला."

"त्येचा त्येनं काल दिला. मी खाल्लो. ह्यो कशाचा?"

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. काकूंचा हात दोरीवर थांबला. मी वाटेत चार वाक्यं ठरवली होती, त्यातलं एकही आलं नाही.

"गेल्या टायमाला मी सायबाकडं गेलतो," मी म्हणालो. "या टायमाला न्हाई गेलो."

"बरं. आन?"

"आन काय. त्याचा हाय पेढा."

अण्णांचा हात सवयीनं डाव्या खिशाकडं गेला आणि रिकामाच परत आला. गेज काल जमा झाला होता. मग त्यांनी पेढा अंगठ्यानं दाबला, आणि कोपरा वगैरे न कुरतडता अख्खा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला.

"बसलं," म्हणाले. मग बोटं चाटत, "साखर जरा जास्त हाय. दुकान बदला." काकू तोंडाला पदर लावून हसल्या.

ते टेम्पोवाल्याच्या शेजारी बसले. उजव्या खिशातून एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली, एक टेम्पोवाल्याच्या. टेम्पो वळला तेव्हा ते त्या पोराला बोट दाखवून काहीतरी बजावत होते. चावायची नाही, हेच असणार.

मी पिंपरीवरून मोशीला जाणाऱ्या बसमध्ये बसलो आणि गोळी तोंडात टाकली. पवनेचा पूल गेला. रेल्वेच्या पुलावर गाडी उभी राहिली, तेव्हा गोळी गालात सरकवली. पिंपरी चौक गेला. दाढ दोनदा शिवशिवली, पण मी तिला गोळी दिली नाही. नेहरूनगरला ती जिभेवर पानासारखी पातळ झाली आणि आपसूक संपली.